जुन्या स्काउटला नवं डिझेल इंजिन बसवताना

इंजिन कुठलं घालायचं हे एका संध्याकाळीच ठरलं. गिअरबॉक्सनं मात्र सगळा हिवाळा खाल्ला. आता गाडी रोज रस्त्यावर असते, आणि कुणी या कामाबद्दल विचारलं की मी गिअरबॉक्सबद्दलच जास्त बोलतो. जुन्या ट्रकला नवं डिझेल इंजिन बसवताना बाकीच्या बहुतेक गोष्टी गिअरबॉक्सच्या त्या एका निर्णयामागून येतात. इंजिन चासीत किती मागं बसणार, चाकांकडं ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट किती लांब राहणार, गिअरचा दांडा केबिनमध्ये कुठं येणार, हायवेला इंजिन किती फेऱ्यांवर चालणार, सगळं त्यावरच ठरतं.

गाडी आहे १९७९ ची स्काउट टेरा. ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्काउट नावाच्या फोर-व्हील गाड्या काढल्या. टेरा हा त्यातला पिकअप ट्रक. पुढं छोटी केबिन, मागं उघडा हौदा, आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११८ इंच, म्हणजे नेहमीच्या स्काउटपेक्षा १८ इंच जास्त. हे १८ इंच पुढं फार कामी आले. या गाड्या इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनच्या कारखान्यात बनत, आणि शेवटची स्काउट तिथून ऑक्टोबर १९८० मध्ये बाहेर पडली.

मी याच राज्यात, कोलंबस गावाजवळ राहतो. कमिन्स कंपनीचं मुख्यालय या गावात आहे. पुण्यात कोथरूडला १९६० च्या दशकात किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली, तेव्हापासून दोन्ही गावांत माणसांची जा-ये आहे. इथं गणपतीला जमणाऱ्या मराठी घरांमध्ये डिझेल इंजिनाशी संबंध नसलेलं घर शोधावं लागतं. मी स्वतः त्या कंपनीत नाही, माझं काम मोजमापाच्या उपकरणांचं आहे. पण या गावात राहून डिझेलची ओढ न लागणं अवघड आहे. कंपनीचे संस्थापक क्लेसी कमिन्स यांनी १९३० च्या जानेवारीत स्वतःचं डिझेल इंजिन एका जुन्या पॅकार्ड मोटारीत बसवलं आणि ती इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कपर्यंत चालवत नेली. सुमारे आठशे मैलांच्या त्या प्रवासाला दीड डॉलरचंही डिझेल लागलं नाही. दुसऱ्याच्या गाडीत आपलं इंजिन बसवून दाखवण्याची परंपरा म्हणजे या गावचीच.

माझ्या टेरात मूळचं ३४५ घनइंचांचं पेट्रोल व्ही-८ होतं. दणकट इंजिन, त्याच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण ते लिटरला चार-पाच किलोमीटरच्या वर कधी गेलं नाही, आणि माझ्या हाती आलं तेव्हा दोन सिलेंडरांचं कॉम्प्रेशन उतरलेलं होतं. ते इंजिन पुन्हा बांधायचं की बदलायचं, हा प्रश्न होता. १९७६ पासून कंपनी स्वतःच स्काउटमध्ये पर्याय म्हणून निसानचं एसडी-३३ डिझेल देत असे, सहा सिलेंडरचं, ८१ अश्वशक्तीचं. म्हणजे या चासीला डिझेल परकं नाही. फक्त मला ८१ अश्वशक्ती नको होती.

कमिन्सनं २०१७ साली आर २.८ नावाचं इंजिन खास अशा कामासाठी, खोक्यात घालून विकायला काढलं. २.८ लिटर, चार सिलेंडर, टर्बो, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबानं डिझेल), १६१ अश्वशक्ती ३६०० आरपीएमला, आणि सुरुवातीच्या आवृत्तीचा टॉर्क सुमारे ३६० न्यूटन-मीटर. चीनमध्ये फोटॉनबरोबरच्या कारखान्यात बनणाऱ्या आयएसएफ २.८ या कुळातलं हे इंजिन. रशियातल्या गॅझेल मालवाहू गाड्यांमध्ये त्याच कुळातलं इंजिन चालतं, त्यामुळे त्याच्या टिकाऊपणाबद्दल मला शंका नव्हती. खोक्यात इंजिनाबरोबर कंट्रोलर, वायरिंगचा जुडगा, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर पेडल आणि एक छोटा डिस्प्ले येतो. क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर, इंटरकूलर, सायलेन्सर, डिझेलची टाकी हे सगळं आपलं आपण बघायचं.

कायद्याचं आधी सांगतो, कारण कोल्हापूरचे मित्र पहिला प्रश्न हाच विचारतात. अमेरिकेत इंजिन बदलता येतं, पण नवं इंजिन प्रदूषणाच्या बाबतीत गाडीच्या मूळ सालातल्या इंजिनापेक्षा वाईट असून चालत नाही. आर २.८ हे १९९९ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी त्या चौकटीत बसवलेलं आहे. इंडियानात लेक आणि पोर्टर हे उत्तरेकडचे दोन जिल्हे सोडले तर धुराची नियमित तपासणी नाही. विमा कंपनीला मी बदल लेखी कळवला. भारतात मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. गाडी मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठासून सांगितलं. त्यामुळे जे इथं केलं ते तसंच्या तसं तिकडं करायला मी कुणालाही सांगणार नाही.

आता गिअरबॉक्स.

मूळचा चार गिअरचा बॉक्स चांगला होता आणि तोच ठेवावा असा पहिला मोह झाला. त्याचा चौथा गिअर सरळ, एकास एक. माझ्या हाऊसिंगचा, म्हणजे चाकांच्या ॲक्सलवरच्या डिफरन्शियलचा, रेशो ३.७३, म्हणजे शाफ्टच्या ३.७३ फेऱ्यांना चाकाचा एक. टायर ३१ इंची. हायवेला ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर वेग धरला तर ३१ इंची चाक मिनिटाला साधारण ७०० फेरे घेतं. त्याला ३.७३ नं गुणलं की शाफ्टचे फेरे २६०० च्या पुढं जातात. चौथा गिअर सरळ असल्यानं इंजिनही तेवढंच फिरणार. पेट्रोल व्ही-८ ला याचं काही वाटत नव्हतं. पण ज्या डिझेलची पूर्ण ताकद ३६०० ला संपते आणि ज्याचा जोर खालच्या फेऱ्यांत आहे, त्याला दिवसभर २६०० वर पळवायचं म्हणजे ज्यासाठी डिझेल घेतलं तेच घालवायचं. आवाज वाढणार, डिझेल जास्त पिणार.

दोनच उपाय होते: हाऊसिंगचा रेशो उतरवायचा किंवा ओव्हरड्राइव्ह असलेला, म्हणजे वरच्या गिअरला शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरवणारा, बॉक्स घ्यायचा. हाऊसिंगचा रेशो उतरवला की चढावर आणि चिखलात पहिला गिअर लांब होतो, म्हणजे त्याचा जोर कमी पडतो, आणि क्लच जळतो. म्हणून ओव्हरड्राइव्ह.

मग जी नावं समोर येतात त्यांची छाननी करत महिने गेले. जीपमध्ये येणारा ऐसिनचा एएक्स-१५ हलका आणि हाताला गोड, पण त्याचा पहिला गिअर ३.८३ चा, माझ्या ट्रकला आणि मागं लागणाऱ्या ट्रेलरला तो लांब पडला असता. ऑटोमॅटिकचा विचार केला. त्यात दुसरा कंट्रोलर आला, त्याचं इंजिनाच्या कंट्रोलरशी जुळवणं आलं, आणि तेल थंड ठेवायला आणखी एक कूलर आला. शेवटी एनव्ही-४५०० घेतला. १९९० च्या दशकातल्या मोठ्या शेवरोले आणि डॉज पिकअपमध्ये असलेला पाच गिअरचा बॉक्स. अंग बिडाचं, वजन जवळजवळ ९० किलो. पहिला गिअर ५.६१, चौथा सरळ, पाचवा ०.७३. मघाच्या २६०० ला ०.७३ नं गुणा, १९०० येतात. इंजिन तिथं मजेत असतं. आणि पहिला गिअर ५.६१ चा असल्यामुळे फोर-व्हीलची जास्त जोराची लो रेंज न लावताही भरलेला ट्रेलर चढावर उचलता येतो.

वजन आणि लांबी ही या बॉक्सची किंमत. मूळच्या बॉक्सपेक्षा तो लांब आहे, शिवाय पुढं इंजिनाला जोडायची ॲडॅप्टर प्लेट आणि मागं ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा, ॲडॅप्टर. ट्रान्सफर केस मी मूळचीच ठेवली, डॅना २०. सगळी गिअरवर चालणारी, साखळी नाही, आणि स्पीडोमीटरची केबल तिच्यातूनच निघते, त्यामुळे मीटरचा प्रश्नच आला नाही. पण या सगळ्या लांबीनं ती कित्येक इंच मागं सरकली. आखूड स्काउटमध्ये मागचा शाफ्ट इतका तोकडा झाला असता की क्रॉसचे, म्हणजे शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांचे, कोन हाताबाहेर गेले असते. टेराचे ते जास्तीचे १८ इंच इथं उपयोगी पडले.

बॉक्स मी जुना घेतला आणि उघडून पाहिला. या बॉक्सचा एक माहीत असलेला दोष आहे: मुख्य शाफ्टवर पाचवा गिअर धरून ठेवणारा नट ढिला होतो, विशेषतः डिझेलच्या झटक्यांखाली, आणि मग पाचवा गिअर निघून जातो. माझ्याकडं आलेला नट जागेवर होता, तरी सुधारित प्रकारचा नट बसवला. तेलही वाटेल ते चालत नाही. गिअर अलगद पडावेत म्हणून असलेल्या सिंक्रो रिंगांसाठी जीएल-४ दर्जाचं ७५डब्ल्यू-८५ सिंथेटिक लागतं. हाऊसिंगसाठीचं जीएल-५ याच्यात ओतायचं नाही.

इंजिन उतरवणं, हौदा काढणं, जुन्या जोडण्या कापणं यात सांगण्यासारखं फार नाही. चाळीस वर्षांचे गंजलेले बोल्ट होते, ते काही उष्णतेनं सुटले, काही कापावे लागले. जुनं व्ही-८ तीनशे किलोंच्या वर भरतं, नवं सव्वादोनशेच्या आसपास. हा फरक चेन ब्लॉकची साखळी ओढतानाच हाताला कळला.

खरं नाजूक काम त्यानंतरचं. इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, मधली प्लेट तिसऱ्याची. या तिघांचा मध्य एका रेषेत नसेल तर बॉक्सचा इनपुट शाफ्ट क्रँकच्या टोकातल्या पायलट बेअरिंगमध्ये तिरका बसतो. गाडी चालते, पण काही हजार मैलांत बेअरिंग जातं, क्लच थरथरतो, गिअर पडायला जड जातात, आणि माणूस दोष भलतीकडं शोधत राहतो.

माझे काका कोल्हापूरला उद्यमनगरात लेथ चालवायचे. माझ्या लहानपणी पेट्रोलच्या जुन्या जीपांना डिझेल इंजिनं बसवण्याची कामं त्यांच्याकडं यायची. मधली प्लेट ते स्वतः कापायचे आणि स्वतःच मध्य काढायचे. प्लेट बसवायच्या आदल्या रात्री मी त्यांना फोन केला.

"काका, प्लेट मशीनवर कापलेली आहे, नवी आहे. जागा धरणाऱ्या डॉवेल पिनाही घट्ट बसतात. मध्य बरोबरच असणार ना?"

"कुणी सांगितलं? तू बघितलास?"

"अजून नाही."

"मग आधी डायल लाव. नव्या मालावर आन् डोळ्यावर इश्वास ठिवू नगंस. पाच थाऊच्या आत आलं तरच बॉक्स चढव, न्हाईतर सकाळपतूर फिरवत बस."

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. काकांच्या पिढीतल्या लेथवाल्यांचं हे माप, आणि अमेरिकेतल्या मशीन शॉपमध्येही आजतागायत तेच चालतं.

पद्धत अशी. गिअरबॉक्स न लावता फक्त प्लेट आणि बेल हाऊसिंग (क्लचभोवतीचं कवच) इंजिनाला बोल्टनं आवळायचं. डायल गेजचा चुंबकाचा पाय फ्लायव्हीलवर बसवायचा आणि गेजचं टोक बेल हाऊसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचं. याच भोकात गिअरबॉक्सची पुढची कड बसते. मग क्रँक हातानं पूर्ण एक फेरा फिरवायचा आणि काटा कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती दाखवतो ते लिहायचं. मध्य जितका सरकला असेल त्याच्या दुप्पट फरक काटा दाखवतो. हे झाल्यावर भोकाभोवतीच्या सपाट तोंडावरही तसंच मोजायचं, कारण मध्य बरोबर असून तोंड तिरकं असू शकतं.

पहिल्या फेऱ्याला काटा ११ थाऊ फिरला. प्लेट सोडली, दोन्ही तोंडं रंगाच्या कणांसाठी आणि कोपऱ्यातल्या बारीक धारेसाठी तेलदगडानं घासली, पुन्हा आवळली. ९ आले. तोंडं स्वच्छ करून उरलेला फरक खरा मानायचा, हे त्या वेळी ठरवलं आणि आडमध्याचे डॉवेल मागवले. या डॉवेलचे दोन भाग एकमेकांपासून किंचित सरकवलेले असतात. ते फिरवले की संपूर्ण बेल हाऊसिंग हव्या त्या दिशेला केसभर सरकतं. दोन्ही डॉवेल एकाच दिशेला, एकसारखे फिरवावे लागतात. फिरवा, आवळा, मोजा, सोडा, परत फिरवा. शेवटी काटा ३ थाऊच्या आत आला. काकांना गेजचा फोटो पाठवला. त्यांनी फक्त "चढव" एवढंच लिहिलं.

माझं पोट ज्या विषयावर चालतं तो हाच असल्यानं मला हे काम सगळ्यात जास्त आवडलं. अशा बदलांत लोक टर्बोचा दाब आणि अश्वशक्ती यांबद्दल तासन् तास बोलतात, डायल गेजबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते हे उलटं असायला हवं.

इंजिन-बॉक्स-ट्रान्सफर केस जोडून सगळं एकत्र चासीत लटकवलं तेव्हा आणखी तीन मोजमापं एकदम सांभाळायची होती. पुढं क्रँकच्या पुलीपासून रेडिएटरपर्यंत पंखा आणि इंटरकूलरला जागा. खाली ऑइल पॅन आणि पुढचं हाऊसिंग यांच्यातलं अंतर, तेही पुढचे पाटे पूर्ण दाबले गेले आहेत असं धरून, कारण खड्ड्यात आदळल्यावर हाऊसिंग वर येतं आणि गाडी उभी असताना दिसणारी जागा फसवी असते. आणि तिसरं म्हणजे इंजिनाचा मागं झुकणारा कोन. तो मी चार अंशांवर धरला.

हा कोन मागच्या शाफ्टसाठी महत्त्वाचा. दोन क्रॉस असलेल्या साध्या शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन जवळजवळ सारखे आणि उलट लागतात. एका क्रॉसनं केलेली वेगाची चढउतार दुसरा क्रॉस रद्द करतो, ती रद्द झाली नाही तर ठरावीक वेगाला गाडी गुणगुणायला लागते. पाट्यांवरच्या हाऊसिंगचं नाक ताकद लागली की थोडं वर उचललं जातं, म्हणून उभ्या गाडीत ते एक-दोन अंश खाली ठेवायचं. मागच्या पाट्यांखाली पाचरीच्या शिम घालून ते जुळवलं. पुढचा शाफ्ट लांब करून घ्यावा लागला, मागचा आखूड, आणि दोन्ही बॅलन्स करून आणले.

इंजिनाच्या फाउंडेशनचे, म्हणजे ते चासीवर टेकवायच्या आधारांचे, ब्रॅकेट वेल्डिंगवाल्या शेजाऱ्यानं केले. आयुष्यभर ट्रेलर बांधलेला माणूस. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड तो करू देत नाही, सगळा जोड उभ्या बाजूवर आणि कडेपासून आत. आडव्या वेल्डजवळ लोखंड कडक होतं आणि तिथूनच चीर पडते. रबरी फाउंडेशन घ्यायचे तेही मऊ, कारण चार सिलेंडरचं डिझेल बंद होताना आणि सुरू होताना चांगलंच हलतं.

डिझेलच्या लाइनला मी तडजोड केली नाही. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या कितीतरी वर दाब असतो, इंजेक्टरची भोकं अतिशय बारीक असतात. चाळीस वर्षं पेट्रोल साठवलेल्या, आतून गंजलेल्या टाकीतलं डिझेल तिथं पाठवणं म्हणजे महागड्या इंजेक्टरना विष पाजणं. टाकी नवी घेतली, आत ओढण्याची आणि परतीची अशा दोन नळ्या असलेली. कॉमन रेलला न वापरलेलं, गरम झालेलं डिझेल टाकीत परत यावं लागतं, जुन्या कार्ब्युरेटरच्या टाकीत ती सोय पुरेशी नसते. नळ्या पोलादी घातल्या. जस्त आणि तांबं डिझेलला नासवतं, म्हणून गॅल्व्हनाइज्ड किंवा तांब्याच्या नळ्या वापरायच्या नाहीत. आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर, मग बारीक फिल्टर. टाकी भरायच्या नळीच्या तोंडाशी अनलेडेड पेट्रोलसाठीची अडसर चकती होती, पंपावरचं डिझेलचं जाड नोझल त्यातून जातच नाही. नळीही बदलली.

वायरिंगची भीती लोकांना सगळ्यात जास्त वाटते, मला ती सगळ्यात सोपी गेली, कारण इंजिनाचा जुडगा तयार येतो. त्याला कायमचा बॅटरीचा पुरवठा, किल्लीवरचा पुरवठा आणि स्वच्छ अर्थिंग हवं. अर्थिंग थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेलं, चासीच्या रंगलेल्या बोल्टवर नाही. अडचण जुन्या गाडीच्या बाजूला होती. स्काउटच्या डॅशबोर्डवर ॲमीटर असतो आणि गाडीचा सगळा करंट त्या छोट्या मीटरमधून जातो. केबिनच्या पुढच्या पत्र्यातून आत जाणारा जुना कनेक्टरही वितळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आजच्या मोठ्या अल्टरनेटरचा करंट तिथून नेणं धोक्याचं. ॲमीटर काढून त्या जागी व्होल्टमीटर लावला, मोठ्या वायरी कनेक्टर टाळून रबरी बुशमधून आत घेतल्या आणि प्रत्येकीला फ्यूज दिला.

ब्रेकचं थोडक्यात. पेट्रोल इंजिन थ्रॉटलमुळे व्हॅक्यूम तयार करतं आणि ब्रेक बूस्टर त्यावर चालतो. डिझेलला थ्रॉटलनं हवा अडवायची नसते, त्यामुळे तसा व्हॅक्यूम मिळत नाही. मी स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालणारा हायड्रोबूस्ट बसवला. ब्रेक आधीपेक्षा चांगले झाले. क्लचही जुन्या दांड्यांवरून हायड्रॉलिकवर नेला. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, पुढं इंटरकूलर, सायलेन्सरची पाइप पुढच्या शाफ्टपासून लांब आणि मध्ये उष्णतेचा पत्रा. यांत वेळ गेला, पण डोकं लागलं नाही.

पहिल्यांदा किल्ली फिरवण्याआधी कमी दाबाच्या पंपानं सगळी हवा काढली, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवला, डिस्प्लेवर काही कोड नाहीत ते पाहिलं. थोडा वेळ स्टार्टर फिरला आणि इंजिन लागलं. ऑइलचा दाब लगेच आला. कागद कोरडे राहिले. शेजारी हौद्याजवळ उभा होता, त्यानं हात वर केला आणि मी इंजिन तसंच चालू ठेवलं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत.

रस्त्यावर नेल्यावर पहिला फरक जाणवला तो पुढच्या पाट्यांचा. व्ही-८ च्या वजनासाठी केलेले पाटे नव्या इंजिनाखाली जवळजवळ दोन इंच उंच बसले आणि गाडी पुढून ताठ झाली. पुढचा एकेक पाटा कमी करून ती सरळ केली. दुसरा फरक गिअर बदलण्याच्या सवयीचा. व्ही-८ ला वर ओढून गिअर बदलायची सवय होती, हे इंजिन २५०० च्या आत बदलून मागतं आणि तसं चालवलं की खूश असतं. रिकाम्या गाडीत पहिल्या गिअरची गरजच पडत नाही, ती दुसऱ्यातच निघते.

कोलंबसहून याच राज्यातल्या नॅशव्हिल गावाकडं जाणारा ४६ नंबरचा रस्ता ब्राउन काउंटीच्या टेकड्यांतून जातो. माझी परीक्षा घ्यायची जागा तीच. मागं लाकडांनी भरलेला ट्रेलर लावून चौथ्या गिअरमध्ये चढ गेला, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. पाचवा गिअर मात्र ताशी ५० मैलांच्या खाली टाकत नाही, तिथं इंजिन १५०० वर येतं आणि चढाला ते कमी पडतं. लिटरला नऊ-दहा किलोमीटर मिळतात, म्हणजे आधीच्या दुप्पट. जानेवारीत नंबर दोनचं, म्हणजे नेहमीचं, डिझेल थंडीनं मेण धरतं, त्यामुळे त्या दिवसांत पंपावर नंबर एकची भेसळ असलेलं हिवाळी डिझेल आहे ना, हे विचारूनच भरतो.

मुलाला आता ३३ इंची टायर हवे आहेत. आकडेमोड केली: त्याच ६५ मैलांवर इंजिन १८०० च्या आसपास उतरेल, आणि ट्रेलर असताना पाचवा गिअर जवळजवळ निरुपयोगी होईल. हाऊसिंगला ४.१० चा रेशो दिला तर पुन्हा २००० च्या आसपास येतं. टायर घ्यायचेच असतील तर हाऊसिंगमधल्या क्राउन आणि पिनियन गिअरचे ४.१० चे दोन जोड आधी मिळवायचे, कारण फोर-व्हील लावल्यावर पुढच्या आणि मागच्या हाऊसिंगचा रेशो एकच असावा लागतो. एक जोड फोर्ट वेनकडच्या एका भंगारवाल्याकडं सापडला आहे. दुसरा शोधतो आहे.